जखमेची ओळख

आमच्या पेडण्याच्या दवाखान्यात पट्टी करणारा तो माणूस माझ्या तोंडाकडे कधी बघतच नसे. मधुमेहामुळे पायाच्या अंगठ्याखाली तळव्याला पडलेली माझी जखम काही केल्या भरत नव्हती, आणि म्हापशाच्या डॉक्टरांनी अंगठा कापायची गोष्ट काढली होती. हा मात्र पट्टी सोडून सरळ जखमेलाच विचारायचा, "कशी आसस गो बाय?"

गोव्याचं नुकतंच राज्य झालं होतं. मराठी की कोंकणी, यावर मी शाळामास्तर मराठीच्या बाजूने गावभर भांडत होतो. त्या खोलीत मात्र माझ्याच जखमेशी कोंकणीत गप्पा चालायच्या आणि मी मुकाट ऐकायचो. अनवाणी चालू नका, अशी ताकीद असताना एकदा भर वैशाखात मी देवळाच्या तापल्या अंगणात प्रदक्षिणा घातल्या. बधिर पायाला काही कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी फोड बघून तो जखमेला म्हणाला, "ह्या मास्तरान तुका भाजली, नाय गो?" पाय माझा आणि सांत्वन तिचं!

पावसाळा सरता सरता जखम भरली, अंगठा वाचला. पुढे एकदा तो बाजारात दिसला. मी तोंडभर हसून हाक मारली, तर त्याने मला ओळखलंच नाही. मग मीही हट्टाला पेटलो. चप्पल काढली आणि मासळीवाल्यांच्या समोर एका पायावर उभा राहून त्याला तळवा दाखवला.

त्याचा चेहरा एकदम फुलला. "अगो बाय, तू!" म्हणत तो वाकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर तुका परत अनवाणी फिरयता?"