बोटांसाठी आणलेली गोळी

डॉक्टर म्हणाले बोट कापावं लागेल, त्या दिवशी मी देवीशी अबोला धरला. चाळिशीही गाठली नव्हती मी. मखमलाबादला आमचा फुलांचा मळा. गुलाब खुडायचे आणि मंडईत न्यायचे, यातच दिवस जायचा. दोन-तीन हिवाळे गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी पडत होती. कातडी ताठ होत गेली, मूठ मिटेना. मग बोटांच्या टोकांना जखमा झाल्या, त्या भरायचं नाव घेईनात. 'स्क्लेरोडर्मा' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. रक्तवाहिन्या आकसतात, टोकापर्यंत रक्तच पोचत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. ब्लडप्रेशरची गोळी देऊन पाहिली, मलमं झाली. मी दरवर्षी देवीच्या गडावर जाणारी. तरी मधल्या बोटाचा शेंडा काळा पडला.

कापण्याआधी एक नवं औषध घेऊन बघू, म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. काहींना गुण येतो, काहींना नाही, हेही सांगितलं. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि हसूच लागला.

"ताई, ही तर पुरुषांच्या ताकदीची गोळी. साहेबांना पाहिजे का?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्या गोळीचं नाव तेव्हा पेपरात वाचून सगळ्यांना ठाऊक झालेलं. माझ्या अंगावर वीज पडल्यासारखं झालं. बरोबर आलेल्या ह्यांनी चिठ्ठी ओढून घेतली. "चेष्टा लावलीय का डॉक्टरने? चल घरी." पण मी दुकानाच्या पायरीवरच बसले. अबोला विसरून मनात देवीला म्हटलं, आई, बोट घ्यायचं तर घे, पण चारचौघांत ही शोभा कशाला?

शेजारी लुगड्यातल्या एक मावशी औषधाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या खाली बसल्या, माझा हात मांडीवर घेतला आणि शेजारी स्वतःची बोटं ठेवली. तीच ताठ, चकचकीत कातडी. पण जखमा भरलेल्या. टोकांना नुसते खड्डे.

"मी दिंडोरीकडची. मला बी हीच गोळी हाय. आधी लय रडले, पण बोटं राहिली बघ." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "दादा, रगत बोटात उतरतं तिच्यानं, दुसरं काय नाय. घेऊन द्या हिला."

हे सरळ काउंटरपाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, "माझ्या बायकोच्या बोटांसाठी पाहिजे." दुकानदाराचं हसू मावळलं. गोळ्या घेऊन वळलो तर मावशी निघून गेल्या होत्या. मी त्यांचं नावही विचारलं नव्हतं.

गोळीने डोकं दुखायचं, तोंड लाल व्हायचं. तिसऱ्या आठवड्यात ठणका थांबला. काळा शेंडा आपोआप गळला, बाकी बोट वाचलं. डॉक्टर दोनदा हात उलटसुलट करून बघत राहिले.

जाऊबाई म्हणतात, देवीच आली होती. मला तसं म्हणवत नाही. मावशींचा हात माझ्यासारखाच गार होता. सोसलेली बाई होती ती. पण नेमकी त्या घटकेला, त्या पायरीपाशी तिला कुणी उभं केलं, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. मी कृपेची वाट पाहत होते, आणि तीच गोळी होऊन समोर आली तर मी लाजेने मरायला टेकले होते!

दुखणं गेलेलं नाही. एखाद्या हिवाळ्यात जखम पुन्हा उघडते. मात्र आता देवीपुढे बसल्यावर काय दे, कसं दे, हे मी सांगत नाही. नुसते हात पुढे करते.