मौला वस्तादानं लावलेली जोड

कुंडलच्या मैदानात जोड लावायचा मान आमच्या मौला वस्तादाचा. जोड लावायची म्हंजे तोलाला तोल बघून दोन पैलवानांचे हात एकमेकांत द्यायचे. कोण कुठल्या तालमीचा, कुणी कवा कुणाला पाडलं, सगळं त्याच्या डोक्यात. कागद न्हाई, काय न्हाई.

डोकं तसंच ऱ्हावं म्हणून गडी साठीतबी पहाटं जोर मारायचा. वर बुद्धिबळ. तरणेपणी सांगलीला एका वकिलाच्या बंगल्यावर राखणीला असताना शिकला व्हता. रोज तिन्हीसांजंला तालमीच्या कट्ट्यावर पट मांडायचा आन् मला हाक मारायचा, "ये रं नानासो, हरायला ये." अंग आन् डोकं दोन्ही घामाघूम झालं की म्हातारपण फिरकत न्हाई म्हणायचा. मला तरी पटलं व्हतं.

दुष्काळ सरला त्या साली त्यानं उंट घोड्यासारखा चालवला. म्या हटकलं, तर पट उधळून दिला. मग त्यानं जोर वाढवले. जुन्या कुस्त्या पाठ म्हणायला लागला, अडला की पुन्हा पयल्यापासून. बघवायचं न्हाई. सांगलीच्या डॉक्टरनं वय झालंय म्हणून सांगितलं. वय झालंय हे सांगायला डॉक्टर कशाला पायजे व्हता? मौलाची बायको अख्तरबी मला एवढंच म्हणाली, मैदानात त्यांच्या संगट ऱ्हावा. जोड चुकली तर हा माणूस जगायचा न्हाई, हे तिला ठावं व्हतं आन् मलाबी.

मैदान भरलं. मौलानं पयल्या जोडी झकास लावल्या. माझा जीव भांड्यात पडला. आन् मग त्यानं धुळा पैलवानाचा हात धरून अर्जुनाच्या हातात दिला.

दोघंबी आमच्याच तालमीची, मौलाच्याच हाताखाली तयार झालेली! एका वस्तादाची पोरं एकमेकांवर कुणी सोडत न्हाई, सख्ख्या भावांत लावून दिल्यागत व्हतंय ते. हलगी थांबली. म्या जवळ जाऊन हळूच म्हणलं, "मौला, ही जोड न्हाई व्हायची."

"जोड म्या लावलीया," त्यानं माझा हात झिडकारला.

पोरं माझ्याकडं बघत ऱ्हायली. काय सांगू त्यांस्नी? वस्तादाचा शबुद मोडायचा कसा, हे त्यानं शिकवलंच नव्हतं. दोघांनी माती कपाळाला लावली आन् भिडली. खोटं लढली असती तर त्यानं वळखलं असतं, म्हणून खरं लढली. एकाचा डाव दुसऱ्याला पाठ, पडणार कोण? पंचांनी बरोबरीत सोडवली.

मौलाचा चेहरा कसा फुलला व्हता! "बघितलीस जोड? कुठल्या तालमीची रं ही? यांचा वस्ताद लय जाणता दिसतोय."



पोरं मातीनं माखलेली तशीच येऊन त्याच्या पाया पडली. त्यानं पाठीवर हात फिरवून नावं इचारली. दोघांनी सांगितली. गाव इचारलं, तेबी सांगितलं. वस्तादाचं नाव इचारल्यावर मात्र दोघंबी मान खाली घालून उभी ऱ्हायली.