दोन्हीकडून सारखी नावं

शांतता समितीवर माझी नेमणूक झाली तेव्हा मी तिशीत होतो आणि वडिलांच्या कापडाच्या दुकानात बसून कंटाळलो होतो. नव्वदच्या दशकात देशात ठिकठिकाणी दंगली झाल्यावर वरून हुकूम आला, की गावोगावच्या हिंदू-मुसलमान प्रतिष्ठितांना एकत्र बसवा. आष्टीच्या वाटेवरचं आमचं गाव. तिथं दंगल सोडाच, बाजाराच्या दिवशी धड हाणामारीसुद्धा होत नसे. पण हुकूम तो हुकूम. वडील म्हणाले, "त्या भानगडीत पडू नोको." म्हणून मी पडलो. शिवाय खिशाला लावायला बिल्ला मिळायचा आणि ठाण्यात गेलं की ठाणेदार स्वतः खुर्ची पुढे करायचे. मला त्याचं फार अप्रूप होतं, खोटं कशाला बोलू.

गणपतीच्या आधी बैठक व्हायची. सर्वधर्मसमभावावर भाषण, मग चहा-बिस्किटं, मग फोटो. एका वर्षी फोटो झाल्यावर ठाणेदारांनी एक कागद पुढे सरकवला. विसर्जनाच्या दिवशी ज्यांना खबरदारी म्हणून सकाळपासून ठाण्यात बसवून ठेवायचं, त्यांची यादी पाठवायची होती. कुणावर अन्याय झाला असं वाटू नये, म्हणून नावं दोन्हीकडून सारखी हवी होती. हिंदूंची आठ झाली होती. मुसलमानांची सातच.

खरे उपद्रवी कोण, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यांची नावं घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्यामुळे आमच्याकडे रीतच पडली होती, की जो रागावणार नाही त्याचं नाव द्यायचं. लग्नाच्या पंगतीत पानं कमी पडली की घरच्या माणसाला उठवतात ना, तसं.

मी माझ्या मित्राचं नाव दिलं.

तो लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. गणपती असो, शारदा असो, उरूस असो, भोंगा त्याचाच. नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. माझ्या हातात अर्धं बिस्किट होतं. मी म्हणालो, "त्याचं टाका, तो काई म्हनत नाई." सगळे हसले. समितीतले मुसलमानही हसले, त्यांचीही सुटका झाली होती.

विसर्जनाला त्याचाच भोंगा मिरवणुकीत वाजत होता. गाडीवर त्याचा चुलतभाऊ होता आणि तो स्वतः ठाण्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर. मी बिल्ला लावून समोरून गेलो, तर त्यानं हात हलवला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "अबे, मले काऊन बसवलं असन? साहेबाले इचारलं त म्हने वरून नाव आलं."

"सरकारी काम आहे, जाऊ दे," मी म्हणालो आणि कापडाचं ठाण फिरवून ठेवलं.

मला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न होता, मिटला. पण पुढच्या वर्षीची यादी मागच्या यादीवरून उतरवली गेली आणि त्याच्या पुढची त्यावरून. मी ठाण्यातल्या मुन्शीला गाठलं. तो म्हणाला, "चढवलं तवा तुमी तोंडी सांगतलं, सेठ. आता उतरवाचं असन त लेखी द्या, का तवा खोटं बोललो म्हनून." लेखी दिलं की गावभर होणार. मी दिलं नाही. ठाणेदार बदलले, यादी तीच राहिली. दहाएक वर्षं तो दर गणपतीला तिथं जाऊन बसला आणि मी दर ईदला सगळ्यांच्या आधी त्याच्या घरी शीरखुर्मा खायला पोचलो. मनातून मला स्वतःची चीड यायची आणि ती मी दुकानातल्या गिऱ्हाइकांवर काढायचो.

मग त्याच्या आईनं हजला जायचं काढलं. चाची सत्तरीच्या पुढची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा बरोबर असल्याशिवाय तिला जाता येत नव्हतं. तिचा पासपोर्ट आला. त्याचा अडकला. चौकशीच्या कागदावर पोलिसांनी लिहिलं होतं, की या इसमावर दरवर्षी प्रतिबंधक कारवाई होते.

चाची दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. "बेटा, तू कमिटीत आहे. साहेबाले सांग ना. माह्या पोरानं कोनाचं काय बिगाडलं? कोनं त्याचं नाव देलं असन?"

"पाहतो, चाची," एवढंच मी म्हणालो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोला सगळं माहीत होतं. ती म्हणाली, "लिहून काऊन देत नाई?"

"मंग गावात तोंड कसं दाखवू?"

"आता कसं दाखवता?"

मी चार ओळींचा अर्ज लिहिला आणि मित्राला म्हटलं, चल, साहेबांना भेटू. वाटेत त्याला सांगायचं ठरवलं होतं. दुकानापासून ठाण्यापर्यंत मी कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

ठाणेदार नवे होते, पुण्याकडचे, सज्जन. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला. "म्हणजे नाव तुम्हीच दिलं होतं?" मी मान हलवली. मित्र टेबलाच्या काचेखालचे कागद पाहत राहिला.

"काढून टाकतो," ठाणेदार म्हणाले. "रिपोर्टही बदलून देतो. फक्त सण तोंडावर आलाय, आकडा कमी झाला तर उद्या दुसऱ्या बाजूचे लोक येऊन बसतील. यांच्या जागी यांच्याच समाजातलं एक नाव द्या. दोघं मिळून ठरवा." त्यांनी पेन मित्रापुढे ठेवलं. ते खरोखर मदतच करत होते.

आणि मला, त्या खोलीत, त्याच क्षणी, एक नाव सुचलं. बसस्टँडवर पंक्चर काढणारा एक गरीब माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ते मित्राच्या कानात सांगितलंसुद्धा.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्याले माय नाई का?" म्हणाला. मग पेनाला टोपण लावलं. "राहू द्या, साहेब. माहंच राहू द्या."

बाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. हातापाया पडलो म्हटलं तरी चालेल. आईचा तरी विचार कर, असं काहीबाही बोललो. तो म्हणाला, "मायले मी सांगतो." त्यानं तिला सांगितलं, की औंदा नंबर लागला नाही. तिनं ते खरं मानलं. पुढच्या वर्षी लागेल, म्हणून तिनं नव्या कपड्यांची पिशवी खुंटीवर तशीच ठेवली. उन्हाळ्यात ती गेली. मातीला गेलो तेव्हा त्यानं मला अडवलं नाही आणि जवळही बोलावलं नाही.

त्या वर्षीच्या विसर्जनाला मी बिल्ला लावलाच नाही. सकाळी ठाण्यात गेलो आणि व्हरांड्यातल्या सतरंजीवर त्याच्या शेजारी बसलो. मग शिपाई हातात कागद घेऊन हजेरी लावायला आला.

"सेठ, तुमी इथं काऊन बसले? तुमचं नाव नाई याच्यात."

"मंग टाका."

त्यानं कागदावर बोट फिरवून मोजलं. "नाई जमत. हिंदूचे आठ झाले. उठा."

मी मित्राकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता. "जा, सेठ," तो म्हणाला. मी उठलो.