मामांनी काढलेलं रक्त

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचं रक्त कुणी काढायचं, हे मला कोर्टात कळलं. तोवर माझ्या नवऱ्याचा पाय गुडघ्याखालून गेला होता.

भर दुपारी उचगावजवळ स्कूटर कडेला लावून हे उभे होते, तेव्हा त्या मोटारीनं त्यांना उडवलं. मी धावत दवाखान्यात पोचले, तर पोलिसांनी मोटारवाल्यालाही तिथंच आणलेलं. शेजारच्या खाटेवरून त्याच्या तोंडाचा भपकारा येत होता.

"ह्याचं रक्त घ्यायचं हाय, डॉक्टरांस्नी बोलवा," हवालदार म्हणाले.

"डॉक्टर चहाला गेल्यात. मीच घेतो की, रोजचंच हाय," मामा म्हणाले. दवाखान्यात वॉर्डबॉयला सगळे मामाच म्हणतात, आणि अडलेलं प्रत्येक काम मामांच्याच गळ्यात पडतं. त्यांनी सवयीनं स्पिरिटचा बोळा चोळला, सुई टोचली, बाटली भरली. डॉक्टर आले ते थेट सही करायला.

कोर्टात मोटारवाल्याच्या वकिलांनी मला अगदी लोण्यासारखं विचारलं, "ताई, तुम्ही शेजारीच होता. रक्त कुणी काढलं?"

"मामांनी."

"आधी काय लावलं?"

"स्पिरिट," मी ठणकावून सांगितलं. मला वाटलं, जेवढं खरं सांगू तेवढा तो अडकेल!

पुढच्या तारखेला डॉक्टरांनी शपथेवर सांगितलं, "रक्त मीच काढलं, स्पिरिट न लावता." कारण नियम तसाच आहे: काढायचं डॉक्टरनं, आणि स्पिरिट लावायचं नाही, त्यात दारूचाच अंश. माझ्या साक्षीपुढं त्यांचं खोटं टिकलं नाही. तपासणीचा अहवाल बाद झाला आणि दारूचा आरोप गळून पडला. मामांना दवाखान्यानं घरी बसवलं. डॉक्टरांच्या केसालाही धक्का लागला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! अजून माझं डोकं फिरतं. एक चहा थांबला असता तर काय आभाळ कोसळणार होतं?

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. कुबडी भिंतीला टेकवून ते ऐकत होते.

"म्हंजे त्यो पिलेला न्हवता?"

"कोर्टाच्या हिशेबी नव्हता."

ते पायजम्याच्या रिकाम्या पायाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मग शुद्धीत असून घातली व्हय माझ्या अंगावर?"