विसर्जनाला दिलेली देवी

काही वर्षांपूर्वी होळीत कुणीतरी झिंगून आमच्या दांडी गावच्या देवळात धडपडला आणि देवीचं नाक फुटलं. कोण पडला ते सगळ्यांना ठाऊक. नाव मात्र वाऱ्याचं झालं. खंडित मूर्ती पुजायची नाही, पाण्यात सोडायची. देवळाची किल्ली माझ्या आत्याकडे. मासळी विकणारी बाई, तिचा शब्द गावात चालायचा.

तेवढ्यात शहरातून एक गोडबोल्या आला. म्हणाला, "मावशी, हिला मी गंगेत सोडतो, तुम्हाला नवी संगमरवरी देतो." आणि आम्ही दीडशहाण्यांनी, दारात अख्खा समुद्र असताना, देवी गाडीत बसवून गंगेला धाडली! वर त्याला सुक्या बोंबलांची पिशवी दिली. नवी देवी गोरीपान, साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी हसणारी.

यंदा बोईसरला ऑफिसात डबा खाताना मोबाइलवर परदेशातल्या एका लिलावाचा फोटो दिसला. फुटक्या नाकावरून देवी ओळखली. घरी येऊन आत्याला दाखवला. आधी ती रडली, मग तोंड सुटलं. "मेला! गंगा कधीपासून तिकडं वाहायला लागली?"

फोटोखाली लिहिलं होतं, 'खासगी संग्रहातून'. तेही वाचून दाखवलं.

"आमच्या किनाऱ्यावर पापलेटाचा लिलाव लागला तरी आमी पैलं इचारतो, कंच्या होडीचं? यांना कोन इचारत नाय?"

लिलाव आठवड्यावर आलेला. आत्यानंच देवी विकली, अशी गावात कुजबुज सुरू झाली होती. मी तिला पालघरला ओळखीच्या वकिलांकडे नेलं. ते म्हणाले, "चोरीला गेली असं लिहा, लिलाव थांबवणं सोपं जाईल. स्वतः दिली म्हणालात तर हातची जाईल."

मी तिला कोपरानं ढोसलं. मला कसली लाज? ते लिलाववाले सूटबूट घालून खोटं बोलतात, आपण लुगड्यात बोललो तर काय बिघडलं? शिवाय गावाची तोंडंही बंद झाली असती.

"चोरली नाय," आत्या म्हणाली. "मी माज्या हातानं दिली. बुडवायला दिली, विकायला नाय. तेच लिही."

मी कपाळावर हात मारला. वकिलांनी विषय बदलला. "बरं, परत आली तर संग्रहालयात द्याल ना?"

"कशाला? आमच्या होडीतून खोल पान्यात नेऊन सोडीन. तिचं ऱ्हायलंय ते."

वकिलांचा चहा कपातच राहिला. "अहो मावशी, एवढी जुनी मूर्ती! निदान हे तरी लिहू नका."

"लिही," आत्या मला म्हणाली. आता ही बाई देवीही घालवणार आणि अब्रूही, असं मनात म्हणत मी सगळं लिहिलं. तिनं सही केली. अख्खा बाजार डोक्यावर घेणारी माझी आत्या इतकं हळू बोलली की मला वाकावं लागलं.

"तिला वाटत आसंल, मी टाकली तिला."