जिथे बटण दाबण्याआधी हाक देतात

मी गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात पार्सलांवर पत्ते लिहितो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, अक्षर तेवढं चांगलं राहिलं. या ब्लॉगवर नागपूरहून दोन दिवसांत होणाऱ्या सहली लिहितो, त्या माझ्यासारख्या घाबरट लोकांसाठी. बस कुठून मिळते, संडास कुठे आहे, परतीची गाडी चुकली तर काय करायचं. या वेळी मी सगळं विचारून निघालो, तरी एका गावाची लाइट घालवून आलो.

नागपुरात नंदनवन भागात आमच्याकडे वादळात दिवसभर वीज नव्हती, तेव्हा सोलरचं काम करणारा माझा मित्र म्हणाला, "देवलापारच्या पलीकडे एक गाव आहे, तिथं लाइट जात नाही. एकदा पाहून ये." थंडीत दुकानाच्या सुट्टीला जोडून एक दिवस मागितला आणि निघालो.

गणेशपेठहून जबलपूर रस्त्याची एसटी पकडा, डावीकडे बसा, मनसरपुढे जंगल छान दिसतं. देवलापारला उतरून काळीपिवळी जीप मिळते. ती भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून चहा आधीच पिऊन घ्या. शेवटचा तुकडा पायी आहे, रस्ता चांगला आहे. गावाचं नाव मात्र लिहीत नाही. लिहू का, असं विचारायची हिंमतच नंतर उरली नाही.

मुक्काम कुंदाकाकूंकडे होता. पाहुण्यांची खोली, दोन वेळचं जेवण, एसटीच्या तिकिटापेक्षा थोडं जास्त भाडं. भात, वरण, जवसाची चटणी. चटणी तिखट असते, सांगून ठेवतो.

दुपारी त्यांनी गावाची वीज दाखवली. शाळेमागे पडीक जागेवर सौर पॅनेलच्या रांगा, शेजारी बॅटऱ्यांची खोली आणि तिथून खांबांवरून घरोघर वायर. याला मायक्रोग्रिड म्हणतात, गावात सगळे 'आपली लाइन' म्हणतात. सरकारी वीज दुरून जंगलातून येते, एक फांदी पडली की दोन दोन दिवस येत नाही. ही इथेच तयार होते आणि इथेच वापरली जाते. दिवसा उन्हावर चक्की आणि पंप, अंधार पडला की बॅटरीवर दिवे आणि मोबाइल. साठा मात्र सगळ्यांचा मिळून एकच.

म्हणून तिथे एक पद्धत आहे. जड काही लावायचं असेल तर माणूस अंगणात येऊन हाक देतो. माझ्यादेखतच समोरच्या अंगणातून एक बाई ओरडली, "मिक्सर लावू का वं?"

"थांब वं, चक्की चालून राहिली!" पलीकडून कोणीतरी.

"किती वेळ गा? मसाला सुकून राहिला माझा!"

"सुकू दे, तसाही तुझा मसाला कोण खाते?"

सगळी गल्ली हसली. मी त्याचा व्हिडिओ काढला.

काकूंच्या पडवीत अंडी उबवायचं मशीन होतं. बचत गटातल्या बायांनी आपापल्या घरची अंडी त्यात ठेवली होती. "विकून टाकत होत्या," काकू म्हणाल्या. "मी मांगे लागली, का थांबा, पिल्लं निघतीन, वाटून घेऊ. पहिलीच खेप आहे. नाही निघाली त मले तोंड दाखवाले जागा नाही." अंडी एक-दोन दिवसांत फुटणार होती.

सकाळी दाट धुकं होतं. मला थंड पाण्याने सर्दी होते, म्हणून प्रवासात पाणी तापवायचा रॉड बरोबर असतो. हाक द्यायला हवी, हे मला माहीत होतं. पण पाहुण्याने अंगणात उभं राहून 'रॉड लावू का' असं ओरडायचं, मग सगळी गल्ली बघणार, काकूंना वाटणार की आपल्या पाहुणचारात कमी पडलं. या लाजेपोटी मी दार लावून, आवाज न करता, बादलीत रॉड सोडला.

आधी पडवीतला दिवा गेला. मग गल्लीत आरडाओरडा ऐकू आला.

शालिकभाऊ, लाइनची देखरेख करणारे, थेट आमच्या दारात आले. त्यांनी बादलीकडे पाहिलं. "काल हाक देताना ऐकलं नाही का गा तू?"

"ऐकलं."

"मंग?"

मी रॉड बादलीतून काढला. रात्रभर वापरून बॅटरी उतरलेली, त्यात माझा रॉड. आता पॅनेलवर ऊन येईपर्यंत लाइन उठणार नव्हती, आणि धुकं हलायला तयार नव्हतं.

काकू मागच्या अंगणात गेल्या आणि चुलीवरचं भलं मोठं पातेलं उतरवून आणलं. वाफाळतं पाणी. माझ्याच आंघोळीसाठी पहाटे चढवलेलं. ते त्यांनी बाटल्यांत भरलं आणि बंद पडलेल्या मशीनमध्ये अंड्यांभोवती लावलं. बाया गोधड्या घेऊन धावत आल्या.

"कोणाच्या घरून झालं वं?" एकीने विचारलं.

"माह्याच," काकू म्हणाल्या. "पाहुणा आहे, त्याले काय माहीत."

मला माहीत होतं. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा व्हिडिओ होता. तो मोबाइल मी खिशात सरकवला.

मशीनमध्ये बाटल्या लावायला जागा करताना थोडी अंडी बाहेर काढावी लागली. ती मी मागून घेतली आणि जॅकेटच्या आत पोटाशी धरून भिंतीला टेकून बसलो.

"पाहा वं, नागपूरची कोंबडी खुडूक बसली!" कालची मसालावाली म्हणाली. सगळ्या हसल्या, काकूसुद्धा. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एका अंड्यातून आत टोकरल्यासारखं काहीतरी जाणवलं, आणि मी श्वाससुद्धा जपून घेऊ लागलो.

ऊन बऱ्याच उशिरा आलं. लाइन उठली. मी आंघोळ न करताच निघालो. काकूंनी डब्यात जवसाची चटणी बांधून दिली, ती नको म्हणायचंही धाडस झालं नाही.

दोन दिवसांनी काकूंचा व्हिडिओ आला. टोपल्यात ओली, वेडीवाकडी पिल्लं. मी फोन करून विचारलं, "काकू, किती नाही निघाली?"

"निघाली ते पाहा ना बाबू."

"माझ्या जॅकेटमधली?"

"आता काय त्याच्यावर नाव लिहिलं होतं का?" त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेले बाया अंडी देऊन राहिल्या. दोघी तेवढ्या नाही म्हणतात." कोण दोघी आणि काहून, ते मी विचारलं नाही.

जाणार असाल तर जा. गाव सुंदर आहे आणि लाइट खरंच जात नाही, कोणी माझ्यासारखा आला नाही तर. रॉड घरी ठेवा. लाज वाटली तरी हाक द्या.

काल सकाळी मी न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन उभा होतो. गीझरच्या बटणावर हात गेला आणि तिथेच थांबला.

"आई, गीझर लावू का?"

स्वयंपाकघरातून आईने डोकं बाहेर काढलं. "लाव ना. काहून विचारून राहिला, घर तुझंच आहे ना?"