फलकावरच्या यादीत आम्ही नव्हतो

आलापल्लीच्या बसस्टँडवर चंद्रपूरची गाडी सुटताना आई खिडकीशी येऊन एवढंच म्हणाली, "कोणी सरक म्हटलं तर पहिले काऊन म्हणून इचार. मंग सरक." रोपवाटिकेत मजुरी करून, मोहफुलं वेचून, तेंदूपत्ता तोडून तिनं एकटीनं मला वाढवलं. मी पुण्याला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला निघाले होते. चंद्रपूर येईपर्यंत मी रडले, हे तिला अजून माहीत नाही.

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या पोरींनो, मला वाटायचं, विद्यापीठात प्रश्न विचारायलाच शिकवत असतील. तिथं माझ्या तोंडून 'काऊन' निघालं की वर्ग हसायचा. मग मी 'का' म्हणू लागले. विचारणं मात्र थांबवलं नाही.

दुसऱ्या वर्षी अभ्यासदौरा ठरला, तोही आमच्याच गडचिरोलीच्या जंगलात. फलकावर नऊ मुलांची नावं. आम्हा चार मुलींपैकी एकीचंही नाही. विभागप्रमुख सर समजुतीनं म्हणाले, "तुमच्याच काळजीपोटी गं. मुलांनी आणलेले फोटो बघून अहवाल लिहा."

"सर, माझं घर आहे तिथं."

"मग तर तुला बघायची गरजच नाही." आजूबाजूचे हसले.

मी तिथंच आईला फोन लावला, स्पीकरवर. सरांनी विचारलं, "काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

आई म्हणाली, "सर, तीस वर्षं झाले, मी ह्या जंगलात हिंडून राह्यली. ही पोरगी पोटात होती तवाबी पत्ता तोडला. तवा कोण्या साहेबानं जबाबदारी नाई इचारली."

सरांनी यादी तशीच ठेवली. गाडी आमच्याशिवाय गेली.

फोटो बघून अहवाल लिहायला आम्ही चौघींनी नकार दिला. दिवाळीच्या सुट्टीत तिघी माझ्या घरी आल्या आणि आई आम्हाला जंगलात घेऊन गेली. लातूरची शबाना माझा कुर्ता सोडेना. "मावशी, अस्वल आलं तर?"

"बोलत चालायचं, माय. आवाज आला का तेच सरकते."

शबाना दिवसभर मोठमोठ्यानं बोलत राहिली. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या, खोडावरचा फुगवटा दाखवून आई म्हणाली, "उन्हाळ्यात इथी टोचलं का पाणी निघते." एवढी वर्षं तिच्याबरोबर हिंडूनही मी हे कधी विचारलं नव्हतं. लाजच वाटली. चार दिवसांत वह्या भरल्या आणि त्यांवरून आम्ही अहवाल लिहिले.

त्या अहवालांना शून्य मिळालं. शेरा होता, 'विनापरवानगी'. माझा पहिला वर्ग हुकला. अर्ज केले, भांडले, गुण काही मिळाले नाहीत. तो राग अजून आहे आणि तो मी विझू देणार नाही. यंदाच्या यादीचा फोटो एका ज्युनिअरनं पाठवला. त्यात मुलींचीही नावं आहेत. आमच्यामुळे, असं कोणी म्हणणार नाही. आम्ही म्हणतो.

आता मी वनखात्याच्या भरतीचा अर्ज भरलाय. ठिकाण निवडायचं होतं, मी गडचिरोली निवडलं. पूर्वी घर म्हणजे जिथून निघायचं ती जागा होती. आता ती मी स्वतः मागून घेतेय. मामा फोनवर चिडला, "अवं, लोकं तिथून बदली मागते!"

मी म्हटलं, "मागू दे त्याईले. त्याईची रिकामी झालेली जागाच मले पाहिजे."